‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ मराठीत बसवताना: अपराधाचं ओझं प्रेक्षकांपर्यंत नेणारी तयारी, पायरीपायरीने

इंग्रज नाटककार जे. बी. प्रिस्टली यांच्या या तीन अंकी नाटकात कारखानदार बर्लिंग, त्याची बायको, मुलगी शीला, मुलगा एरिक आणि शीलाचा होणारा नवरा जेराल्ड घरी जेवायला जमलेले असतात; एड्ना ही मोलकरीण वाढत असते. तेवढ्यात एक इन्स्पेक्टर येतो आणि एव्हा स्मिथ या मुलीच्या आत्महत्येबद्दल एकेकाला जाब विचारतो. हौशी संस्थांना हे नाटक सोयीचं वाटतं. सात पात्रं, एकच खोली, एकच रात्र आणि शेवटी धक्का. ठाण्यात किंवा नवी मुंबईत नोकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या मंडळींना ते झेपतंही. तरी बहुतेक प्रयोग एकाच ठिकाणी घसरतात. नाटक पोलिसी रहस्यकथेसारखं बसवलं जातं. मग प्रेक्षक ‘तो इन्स्पेक्टर खरा होता की खोटा’ यावर वाद घालत घरी जातात आणि मेलेली मुलगी सगळ्यांच्या विस्मरणात जाते.

हे टाळायचं तर तयारीचा क्रम बदलावा लागतो. नेपथ्य, वेशभूषा, पार्श्वसंगीत नंतर. आधी कोणाचा किती दोष, कोणाला किती कळत होतं आणि कोणाच्या हातात काय होतं, याचा हिशेब. खालचा क्रम आठ आठवडे, आठवड्याला चार तालमी, रोज अडीच तास असा धरला आहे.

## टप्पा १: हक्क, संहिता आणि कागदपत्रं (तालमीच्या किमान तीन महिने आधी)

प्रिस्टली १९८४ साली वारले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क शाबूत राहतात. म्हणजे हे नाटक २०४४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ‘जुनं क्लासिक आहे, कोण विचारतंय’ हा समज चुकीचा आहे.

१. प्रयोगाचा हक्क आणि भाषांतराचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. दोन्हींसाठी लेखी परवानगी मागा. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सवलत आहे, पण त्या सवलतीने नवं भाषांतर करायची मोकळीक मिळते असं गृहीत धरू नका.

२. जाहीर प्रयोगासाठी मराठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. संहिता जशी सादर केली तशीच मंचावर यायला हवी. म्हणून भाषांतर पक्कं झाल्यावरच अर्ज करा.

३. गडकरी रंगायतन, घोडबंदर रोडचं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, जिथे तारीख घेणार तिथल्या कार्यालयात दोन गोष्टी आधीच विचारा: कोणते कागद लागतात आणि प्रयोगाच्या सत्राआधी सेट लावायला नेमका किती वेळ मिळतो. दुसऱ्या उत्तरावर तुमचं नेपथ्य ठरणार आहे.

सावधान: परवानगी यायच्या आत तारीख जाहीर करून पोस्टर छापू नका.

## टप्पा २: भूमिका वाटण्याआधी अपराधाचा तक्ता

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पहिला पूर्ण आठवडा उभं राहून तालीम करायची नाही. सगळ्यांनी गोल बसून तीनदा वाचन करायचं, दर वाचनाला भूमिका बदलून. तिसऱ्या वाचनानंतर फळ्यावर तक्ता मांडायचा.

आधी घटनांचा कालक्रम. संहितेत तो तुकड्यातुकड्यांनी आणि वेगवेगळ्या तोंडून येतो, त्यामुळे नटांच्या डोक्यात त्याचा गोंधळ असतो.

- सप्टेंबर १९१०: एव्हा स्मिथ बर्लिंगच्या कारखान्यात आहे. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळतात, मुली पंचवीस मागतात. संप फसतो आणि पुढाकार घेणाऱ्यांना काढून टाकतात.
- जानेवारी १९११ अखेर: मिलवर्ड्स या दुकानातली नोकरी जाते. कारण शीलाची तक्रार.
- मार्च ते सप्टेंबर १९११: डेझी रेंटन या नावाने ती जेराल्डच्या आश्रयाला आहे. मग तो संबंध तोडतो.
- नोव्हेंबर १९११ पासून: एरिक. ती गरोदर राहते, एरिक वडिलांच्या कचेरीतून पैसे चोरून तिला देतो.
- प्रयोगातल्या रात्रीच्या दोन आठवडे आधी: मिसेस बर्लिंग प्रमुख सदस्य असलेल्या महिला मदत संस्थेकडून तिला नकार मिळतो.
- ती रात्र: १९१२ च्या वसंतातली. टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघणार असल्याचं बर्लिंग सांगतो, त्यावरून एप्रिलचा पहिला आठवडा धरता येतो.

आता प्रत्येक पात्रापुढे चार रकाने काढा: काय केलं, तेव्हा काय माहीत होतं, न करता आलं असतं का, केल्यामुळे त्याचं स्वतःचं काय गेलं.

चौथा रकाना भरताना तालमीची खोली हमखास शांत होते, कारण तो जवळपास रिकामा राहतो. बर्लिंगचं काही गेलं नाही. शीलाचं काही गेलं नाही, मिलवर्ड्समध्ये घरचं खातं चालूच राहिलं. मिसेस बर्लिंगला तर आपण कर्तव्य केलं असंच वाटतं. तिकडे दर वेळी त्या मुलीची एक वाट बंद होते. नाटकाचा गाभा या विषमतेत आहे आणि तो नटांनी स्वतः लिहून पाहायला हवा. दिग्दर्शकाने भाषण देऊन तो उतरत नाही.

तिसऱ्या रकान्यावर भांडण होऊ द्या. बर्लिंगने कायद्याबाहेर काहीच केलेलं नाही. शीलाने फक्त तक्रार केली. जेराल्ड तिच्याशी बऱ्यापैकी मायेने वागला. कायद्याने पकडता येईल असं फारतर एरिकचं वागणं आहे. म्हणजे अटक कोणाला होणार हा या नाटकाचा प्रश्न नाही. कायदा हात लावू शकत नाही तिथेही जबाबदारी उरते का, हा प्रश्न आहे. एवढं पक्कं झालं की रहस्यकथेचा मोह आपोआप ओसरतो.

पैशांचाही हिशेब मांडा. शिलिंगचे रुपये करू नका, त्याने काही हाती लागत नाही. वीस शिलिंगांचा एक पौंड. एरिकने दिलेले सुमारे पन्नास पौंड म्हणजे हजार शिलिंग, म्हणजेच त्या मुलीचा साधारण चव्वेचाळीस आठवड्यांचा पगार. मुलींनी मागितलेली वाढ होती आठवड्याला अडीच शिलिंगांची. बर्लिंगची भूमिका करणाऱ्याला हे दोन आकडे पाठ हवेत. मुलीने मागितलेल्या वाढीला नकार देणाऱ्याच्या कचेरीतून त्या वाढीच्या चारशेपट रक्कम गेली आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नटांसाठी एक सराव. प्रत्येकाने घरी जाऊन, कोणालाही न दाखवता, एक प्रसंग लिहायचा: ज्याला उलट बोलता येत नव्हतं अशा माणसावर आपण आपला अधिकार वापरला असा. मॉलमधल्या सेल्सगर्लची मॅनेजरकडे तक्रार. डिलिव्हरीवाल्या मुलाला रागाने दिलेला एक स्टार. कामवाल्या मावशींच्या आजारपणाच्या खाड्याचे कापलेले पैसे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘त्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी’ या ठरावाला वर केलेला हात. तो कागद संहितेत ठेवायचा, वाचून दाखवायचा नाही. शीलाची भूमिका करणारीला याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. तिचा गुन्हा आपल्या रोजच्या जगण्याच्या सगळ्यात जवळचा आहे.

सावधान: यातलं काहीही संवादांत घालू नका. वागळे इस्टेटमधला बंद कारखाना किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कंत्राटी कामगार यांचा उल्लेख घुसडला की प्रेक्षकांना ‘हे त्या अमक्यांबद्दल आहे’ अशी पळवाट मिळते. नाटक ब्रमलीतच, म्हणजे प्रिस्टलींच्या काल्पनिक इंग्लिश शहरातच, राहू द्या. माजिवड्याच्या टॉवरमधून आलेल्या माणसाला जे ओळखायचं ते तो ओळखतोच.

## टप्पा ३: भूमिका निवड

वय आणि आवाज यांवर निवड करणं ही नेहमीची चूक. इथे कस वेगळा लागतो.

बर्लिंग आवडायला हवा. पहिली पंधरा मिनिटं तो यजमान म्हणून प्रेमळ, गप्पिष्ट, जरा बढाईखोर वाटला पाहिजे. सुरुवातीपासून खलनायक दिसला तर प्रेक्षक सुटले. दुष्ट माणसाची चूक कोणी आपल्या अंगाला लावून घेत नाही.

मिसेस बर्लिंग म्हणजे मालिकेतली कजाग सासू नव्हे. ती नवऱ्यापेक्षा वरच्या घरातली आहे आणि तिला आवाज चढवायची कधी गरजच पडलेली नाही. ही भूमिका जितकी थंड तितकी भयंकर.

जेराल्ड सगळ्यात अवघड. त्याचं दुःख खरं आहे आणि तरी शेवटी सगळ्यांची सुटका करून देणारा युक्तिवाद तोच शोधतो. निवड चाचणीत त्याचे हे दोन्ही भाग एकामागून एक वाचून घ्या. दोन्ही खरे वाटणारा नट मिळाला तरच पुढे जा.

इन्स्पेक्टर गूल धिप्पाड असण्याची गरज नाही. प्रिस्टलींची सूचना स्पष्ट आहे: पन्नाशीचा माणूस, साधा गडद सूट, तोलून बोलणं आणि बोलण्याआधी समोरच्याकडे रोखून पाहण्याची सवय. खाकी, टोपी, काठी, जरब हे सगळं वर्ज्य.

एड्ना कापू नका आणि तिच्यातून विनोदही काढू नका. मराठी मंचावर घरातली कामवाली म्हटली की हशा वसूल करायची जुनी खोड आहे. इथे त्या एका हशाने सगळं कोसळतं, कारण एव्हा स्मिथ कधीच मंचावर येत नाही. तिच्या वर्गातली, आपल्या डोळ्यांसमोर हिंडणारी एकच व्यक्ती म्हणजे एड्ना.

## टप्पा ४: भाषा आणि संबोधनं

छापील भाषांतरी मराठी इथे पहिल्या वाक्यातच उघडी पडते. ‘महाशय’, ‘प्रिये’, ‘मला भीती वाटते की आपण चुकत आहात’ असं काही संहितेत राहिलं असेल तर आताच काढा. कसोटी सोपी: वाक्य नटाने पाठ फिरवून, साध्या आवाजात म्हणायचं. घरात कोणी असं बोलेल असं वाटलं नाही तर ते बदला.

मग संबोधनं ठरवा आणि संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कोण कोणाला तू म्हणतं आणि कोणाला तुम्ही, यातून वर्ग ऐकू येतो.

- मुलं आईला ‘तू’, वडिलांना ‘तुम्ही’. शेवटपर्यंत बदल नाही. एरिक चिडून ओरडतो तेव्हाही नाही. तिथे ‘तू’वर आला की प्रसंग बापलेकांच्या भांडणाचा होतो.
- जेराल्ड बर्लिंगला ‘तुम्ही’. बर्लिंग त्याला ‘तू’ म्हणेल, पण जपून. तो बड्या घरचा मुलगा आहे आणि या सोयरिकीत बर्लिंगचा धंद्याचा फायदा आहे.
- एड्नाला सगळे ‘तू’. तिच्याशी बोलताना कोणीही तिच्याकडे बघत नाही.
- इन्स्पेक्टर सगळ्यांना ‘तुम्ही’. बर्लिंग दाम्पत्याला ‘आपण’ कधीच नाही. माजी महापौर असल्याचं बर्लिंग सुनावतो, तरी नाही.

मेलेल्या मुलीचा उल्लेख हा स्वतंत्र धागा. बर्लिंगच्या तोंडी ‘ती पोरगी’, मिसेस बर्लिंगच्या तोंडी ‘तसल्या मुली’, इन्स्पेक्टरच्या तोंडी शक्य तिथे पूर्ण नाव. शीला ‘ती मुलगी’पासून सुरू करते आणि दुसऱ्या अंकापर्यंत नाव घेऊ लागते. हे बदल रंगीत पेनाने खुणा करून तपासा. भाषांतरकाराने नकळत सगळीकडे ‘ती बिचारी’ घातलेलं असतं. ते सगळं काढा. कीव करणं ही जबाबदारी झटकण्याची सभ्य पद्धत आहे.

तपासणी: बाहेरच्या एका माणसाला डोळे मिटून पहिला अंक ऐकवा. कोण कोणाच्या वर आणि कोण कोणाच्या खाली, हे त्याला फक्त ऐकून सांगता आलं पाहिजे.

## टप्पा ५: हालचाली (तिसरा ते पाचवा आठवडा)

प्रिस्टलींनीच सूचनांमध्ये म्हटलंय की वास्तववादी सेट फिरवण्याची कटकट नको असेल तर नेहमीचा सेटच सोडून द्यावा. हा सल्ला माना. मागे काळसर पडदा, एक जड दार, सहा बाय तीन फुटांचं टेबल, पाच खुर्च्या, बाजूला छोट्या टेबलावर टेलिफोन. सामान भारदस्त हवं, पण घरपणाचा ओलावा नको.

१. सुरुवातीला टेबलाच्या एका टोकाला बर्लिंग, दुसऱ्या टोकाला मिसेस बर्लिंग, मागे शीला आणि जेराल्ड, पुढच्या बाजूला एरिक. पुढे बसलेला एरिक प्रेक्षकांकडे पाठ किंवा अर्धी पाठ करतो. काही दिग्दर्शक ‘तोंड दिसत नाही’ म्हणून त्याला हलवतात. हलवू नका. घरातल्यांनी ज्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही तो मुलगा इथेच दिसतो.

२. एड्नाचं काम बोटांवर मोजून बसवा: पाच डेझर्ट प्लेट उचलणं, शॅम्पेनचे पाच ग्लास उचलणं, पोर्ट या वाइनचा डिकँटर (काचेची सुरई), सिगारचा डबा आणि सिगारेटी ठेवणं. पोर्टचे ग्लास टेबलावर आधीच आहेत. तिच्या हालचालींसाठी कोणीही बोलणं थांबवायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही.

३. इन्स्पेक्टर कमीत कमी हलतो. फेऱ्या मारणारा इन्स्पेक्टर म्हणजे हरलेला इन्स्पेक्टर. हलायचं ते घरच्यांनी, त्याच्यापासून दूर जाण्यासाठी.

४. तिन्ही अंकांत काळ सलग आहे. दुसरा अंक पहिल्याच्या शेवटच्या क्षणाला सुरू होतो, तिसरा दुसऱ्याच्या. म्हणून प्रत्येक अंकाच्या शेवटच्या स्थितीचा मोबाइलवर फोटो काढा: कोण कुठे, ग्लासात किती, कोणती खुर्ची तिरपी. पडदा पुन्हा उघडण्याआधी बॅकस्टेजच्या एका माणसाने फोटो हातात धरून सगळं तपासायचं.

मध्यंतर एकच ठेवायचं असेल तर दुसऱ्या अंकानंतर ठेवा, एरिक दारातून आत येतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात तिथे. पूर्वार्ध लांबतो, पण तो भार चालतो. पहिल्या अंकानंतर मध्यंतर घेतलं तर मिसेस बर्लिंग स्वतःच्या बोलण्यात अडकत जाते तो चढ तुटक वाटतो.

त्या चढाविषयी थोडं. ‘त्या बाळाच्या बापाला धडा शिकवा’ असं ती ठासून सांगत असते. तो बाप एरिकच आहे हे शीलाला आधी कळतं, मग प्रेक्षकांना, मग बर्लिंगला, शेवटी मिसेस बर्लिंगला. चार वेगवेगळे क्षण आहेत. तालमीत प्रत्येक क्षणाला टाळी वाजवून ते सुटे करा, मग टाळ्या काढून टाका. सगळ्यांना एकदम कळल्यासारखं झालं तर तो फक्त धक्का उरतो.

## टप्पा ६: फोटो, घंटा, टेलिफोन

या तीन वस्तूंवर नाटक उभं आहे आणि या तिन्हींत हमखास गडबड होते.

फोटो. पोस्टकार्ड आकाराचा एक खरा फोटो वापरा, कोरा कार्डबोर्ड नको. नटाच्या डोळ्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. तो मंचावर फक्त तिघांना दाखवला जातो: बर्लिंग, शीला, मिसेस बर्लिंग. दर वेळी एकालाच. बर्लिंगला दाखवताना जेराल्ड आणि एरिक उठून बघायला येतात आणि इन्स्पेक्टर मध्ये उभा राहून त्यांना अडवतो. हा अडवण्याचा क्षण अगदी स्पष्ट बसवा. तिसऱ्या अंकात जेराल्डचा सगळा युक्तिवाद यावरच आहे की सगळ्यांनी एकच फोटो पाहिला याला पुरावा काय. पहिल्या अंकात कोणाच्या खांद्यावरून दुसऱ्याने डोकावलेलं दिसलं, तर शेवटचा अर्धा तास निरर्थक होतो.

दाराची घंटा. माणसाने आपला धंदा पाहावा, आपल्यापुरतं बघावं असं बर्लिंग सांगत असताना, वाक्याच्या मधोमध, घंटा वाजते. बहुतेक प्रयोगांत नट थांबतो, घंटेची वाट बघतो, मग ती वाजते. उपाय असा: त्या वाक्यानंतर बर्लिंगसाठी आणखी दोन वाक्यं लिहून ती पाठ करून घ्या. त्याने बोलतच राहायचं. घंटा वाजवणाऱ्याने मंचाकडे बघत, ‘आणि’ या शब्दावर बटण दाबायचं. घंटा एकच, तीव्र, छोटी. ‘टिंग टाँग’ नको. शक्यतो रेकॉर्डिंग नको. विंगेत खरी बेल लावा.

टेलिफोन. तिसऱ्या अंकात तीन फोन आहेत: बर्लिंगचा पोलीसप्रमुखांना, जेराल्डचा इस्पितळाला आणि शेवटचा, बाहेरून येणारा. तिन्हींत पलीकडच्या माणसाची वाक्यं लिहून काढा. तालमीत कोणीतरी ती मोठ्याने म्हणायची, रंगीत तालमीपासून मनात. नाहीतर नट ‘हो… हो… अच्छा’ करत पळतो आणि तिथेच प्रेक्षकांचा विश्वास उडतो.

किरकोळ सामान: पोर्टसाठी पाणी घातलेलं कोकम सरबत, एरिकच्या व्हिस्कीसाठी गाळलेला कोरा चहा. सिगार पेटवू नका. नाट्यगृहात आगीचे नियम असतात आणि धुराने पुढच्या रांगेला खोकला लागतो. पुरुषांना त्या काळचा पांढऱ्या टायचा शेपटीचा कोट हवा. भाड्याने मिळाला नाही तर सगळ्यांना एकसारखे काळे सूट द्या. एकाला खरा कोट आणि बाकीच्यांना ब्लेझर असं मात्र करू नका.

## टप्पा ७: प्रकाश

लेखकाची सूचना एका ओळीची आहे: इन्स्पेक्टर येईपर्यंत गुलाबी आणि जवळिकीचा प्रकाश, नंतर जास्त उजळ आणि कठोर. सुरुवातीला गुलाबी जिलेटिनचे (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचे) दिवे साधारण निम्म्या ताकदीवर ठेवा. बदल घंटेवर नाही, इन्स्पेक्टर दारातून आत आल्यावर सुरू होतो आणि दहा-बारा सेकंदांत पुरा होतो. प्रेक्षकांना बदल जाणवावा, ‘लाइट बदलली’ असं दिसू नये. इन्स्पेक्टरवर स्पॉट टाकू नका. त्याच्या येण्याने घरच्यांचे चेहरे उघडे पडतात, म्हणून उजेड त्यांच्यावर.

तो निघून गेल्यावर गुलाबी परत आणण्याचा मोह होतो. आणू नका. कुटुंब पूर्वीसारखं हसायला लागतं, पण उजेड तसाच राहतो.

## टप्पा ८: इन्स्पेक्टर गेल्यानंतरचा भाग

सहावा आणि सातवा आठवडा बहुतांशी यासाठी ठेवा. वेळ वाचवायला इथेच कात्री लागते. ‘इन्स्पेक्टरचं भाषण झालं, आता काय उरलं’ असं वाटतं. उरलेलं असतं तेच खरं नाटक.

आधी त्या भाषणाबद्दल. पुढे येऊन, हात पसरून, प्रेक्षकांना उद्देशून ते ओरडायचं नाही. उभं राहायचं दाराजवळ, तोंड घरच्यांकडे, वेग कमी, आवाज त्याहून कमी. याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे: थोड्या वेळाने बर्लिंग त्याच भाषणाची नक्कल करून हसतो. मूळ भाषण आधीच नाटकी झालं असेल तर प्रेक्षक बर्लिंगसोबत हसतात आणि नाटक त्याच्या बाजूला जातं. मूळ शांत असेल तर ती नक्कल ऐकवत नाही.

मग हे तीन थर वेगळे बसवा:

१. भीती. इन्स्पेक्टर गेल्यावर बर्लिंगला काळजी आहे ती पेपरात नाव येण्याची आणि हुकणाऱ्या ‘सर’ किताबाची. मुलीची नाही. हे ओरडून नको. घाईघाईने, हिशेब करत.

२. सुटका. जेराल्ड परत येतो, असा कोणी इन्स्पेक्टर पोलिसात नाही हे सांगतो. एकेक दुवा सुटत जातो: फोटो वेगळे असतील, मुली वेगळ्या असतील, कोणी मेलंच नसेल. युक्तिवाद पटण्याजोगा व्हायला हवा. प्रेक्षकांनाही क्षणभर हायसं वाटलं पाहिजे. ते वाटलं नाही तर शेवटचा फोन फुकट जातो, कारण पकडायचं आहे ते नेमकं त्यांचं हायसं वाटणं.

३. फूट. शीला आणि एरिक हे मान्य करत नाहीत. मुलगी एक असो की पाच, आपण जे केलं ते केलंच. इथे शीला उपदेशक होते, ही नेहमीची चूक. तिने आईवडिलांना शिकवायचं नाही. तिला फक्त पुन्हा पहिल्यासारखं होता येत नाही. जेराल्ड अंगठी परत पुढे करतो तेव्हा ती ‘नाही’वर दार बंद करत नाही, इतक्यात नको म्हणते. ते अनिर्णित राहू द्या.

तपासणी: सातव्या आठवड्यात नाटक न वाचलेल्या तीन-चार जणांना तालीम दाखवा. नंतर एकच प्रश्न: ‘चूक कोणाची?’ सगळ्यांनी एकच नाव घेतलं तर तोल गेलेला आहे. बहुधा नाव मिसेस बर्लिंगचं येतं. मग तिचा चढा सूर खाली आणा आणि जेराल्डच्या कबुलीतला हळवेपणा कमी करा.

## टप्पा ९: रंगीत तालीम आणि प्रयोगाचा दिवस

दोन रंगीत तालमी, दुसरी न थांबता, घड्याळ लावून. प्रत्येक अंकाचा वेळ लिहा. तिसरा अंक तालमीपेक्षा चार मिनिटांहून अधिक लवकर संपत असेल तर नट सुटकेच्या भागात पळत आहेत.

प्रयोगाच्या दिवशी सामानाचा टेम्पो वेळेच्या दीड तास आधी पोहोचेल असा काढा. घोडबंदर रोड आणि माजिवडा नाक्याचा भरवसा धरू नका. सेट लागल्यावर पहिलं काम घंटा आणि टेलिफोन यांची चाचणी, शेवटच्या रांगेत माणूस बसवून. मग फोटो इन्स्पेक्टरच्या आतल्या खिशात आहे का, हे स्टेज मॅनेजरने स्वतः पाहायचं. नटाच्या ‘आहे, आहे’वर विसंबायचं नाही.

शेवटचा फोन खाली ठेवल्यावर बर्लिंग निरोप सांगतो: मुलगी इस्पितळात नेताना वारली आहे आणि एक इन्स्पेक्टर चौकशीला निघाला आहे. कोणी हलत नाही. पडदा सावकाश. संगीत नाही, वीज चमकणं नाही, इन्स्पेक्टरची सावली नाही. पडदा पडल्यावर मनात पाचपर्यंत मोजून मगच अभिवादनासाठी उघडा. एड्नाला रांगेच्या टोकाला ढकलू नका, सगळ्यांमध्ये उभी करा.

आभारप्रदर्शन, प्रायोजकांची नावं, नगरसेवकांचा सत्कार, पुढच्या प्रयोगाची जाहिरात हे सगळं तिसऱ्या घंटेच्या आधी उरकून घ्या. नाटक संपल्यावर माईक बंद ठेवा आणि लोकांना बाहेर पडू द्या.